बेटावरच्या चुली

पाणी आमच्या गावात धावत कधी आलं नाही, दबकत आलं. खाली धरण झाल्यापासून दर पावसाळ्यात त्याचा फुगवटा मागं मागं सरकत आमच्या नदीत शिरायचा. आधी ओढा गिळायचा, मग काठच्या बाभळी कमरेपर्यंत बुडायच्या, आणि एखाद्या सकाळी कंधारच्या बाजाराला निघालेली बाई अर्ध्या वाटेवरून परत यायची, ओट्यावर टोपली आदळायची आणि म्हणायची, “लागलं बाई बेट.” ग्रहण लागतं, अधिक महिना लागतो, तसं आम्हाला बेट लागायचं. ते दसऱ्याच्या आसपास सुटायचं. तोवर चारी बाजूंनी गढूळ पाणी आणि मधल्या पांढरीच्या टेकाडावर आमची मातीची माळवदं, गुरं, कोंबड्या, भांडणं, सगळं एकमेकांना चिकटून राहायचं. काळी, म्हणजे शेतं, सगळी पलीकडं आणि पांढरी, म्हणजे घरांची जागा, तेवढी अलीकडं. कापूस खुरपायला जायचं तरी पाणी ओलांडून.

ओलांडायचं ते गुळाच्या काहिलीतून. नाव घ्यायची कुणाची ऐपत नव्हती आणि वल्हवायचं कुणाला येत नव्हतं. गावात एकाच्या शेतात पूर्वी ऊस असायचा, त्याची ती भलीमोठी लोखंडी काहील पावसाळ्यात सार्वजनिक व्हायची. तिला पुढं-मागं असं काही नसतं, त्यामुळं ती पाण्यात स्वतःभोवती गिरक्या घेत जायची आणि आत बसलेल्या माणसाला पलीकडं पोचेपर्यंत सगळ्या दिशांनी गाव दिसायचं. पलीकडच्या फाट्यावर एसटी यायची. बेट लागलंय, कुणी येणार नाही, हे ड्रायव्हरला ठाऊक असायचं, तरी तो भोंगा वाजवायचाच. मग आमच्या गल्लीतली कुत्री त्या भोंग्याला उत्तर द्यायची. अजून कुठं एसटीचा भोंगा ऐकला की मला चुलीतल्या ओल्या तुराट्यांचा धूर नाकात शिरल्यासारखा वाटतो.

मी लातुरात तीस-एक वर्षं खानावळ चालवली. क्लासला आलेली गावोगावची पोरं माझ्या हातचं जेवून डॉक्टर-इंजिनियर झाली, त्यातली काही मला विसरली, काही दिवाळीला फोन करतात. ती विचारायची, “मावशी, ही येसराची आमटी कुठं शिकलात?” मी सांगायची, “बेटावर.” पोरं हसायची. त्यांना वाटायचं, मावशी थट्टा करते. लातूरला आणि बेटाचा काय संबंध! इथं तर पाणी रेल्वेनं आलेलं त्यांनी ऐकलेलं असायचं. म्हणून हे एक प्रकरण लिहून ठेवते. ही आमटी माझी नाही, आत्याची आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, आणि दादा तिला अक्का म्हणायचे. तिला लोह्याकडच्या एका घरात दिली होती. नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ही ट्रंक डोक्यावर घेऊन चालत माहेरी आली आणि आल्या आल्या चुलीपाशी बसली. पुढं ती तिथून उठलीच नाही, असं माय म्हणायची. माय म्हणजे माझी आई. माय लग्न होऊन आली तेव्हा चुलीपुढची जागा आधीच भरलेली होती, आणि हा राग तिनं जन्मभर मिठासारखा थोडा थोडा वापरला. “अक्का, आमटीत मीठ जास्त झालंय,” असं ती म्हणायची, आणि आत्या म्हणायची, “मग तू कमी खा.” रोज. मी दोघींच्या मधे बसून जेवायची आणि मला ते भांडण वाटायचंच नाही, घरातला आवाज वाटायचा, जात्याच्या घरघरीसारखा. घरात आणखी दादांचा धाकटा भाऊ नाना आणि नानाची बायको होती. काकू गरीब स्वभावाची. तिचं काम या दोघींना “हाव हाव” म्हणत राहण्याचं.

बेटाच्या महिन्यांत बाहेरून भाजी येत नसे. आत्या उन्हाळ्यापासूनच तयारीला लागायची. अंबाडीचा पाला सुकवायचा, वाळकाच्या फोडी, मेथी, गवारी माळवदावर पसरायच्या. येसरासाठी धान्य, डाळी, मसाले भाजून, दळून ते मडक्यात भरायचं. त्याचा खमंग वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि शेजारणी वाटी घेऊन यायच्या. मग भर पावसात, बाहेर पाणी आणि आत धूर, अशा वेळी ती गरम ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, वर कारळाची चटणी आणि तेलाची धार देऊन ताट पुढं सरकवायची. जळण ओलं असायचं. फुंकून फुंकून तिचे डोळे कायमचे लाल झाले होते. मला पाहुणे विचारायचे, तुझी आत्या रडली का गं? मी म्हणायची, नाही, तिचे तसेच आहेत.

मी तिच्याच गोधडीत झोपायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात मला काय वाटत होतं ते त्याशिवाय कळायचं नाही.

एका वर्षी पाणी नेहमीच्या खुणेवर थांबलं नाही. मारुतीच्या पायऱ्या बुडाल्या, खालच्या गल्लीतल्या घरांत शिरलं, भिंती रात्रभर भिजून सकाळी बसल्या. माणसं वाचली, पण गाव घाबरलं. त्यानंतर सरकारनं ठरवलं, की गाव उचलून पलीकडच्या माळावर न्यायचं, नवं गावठाण करायचं. मोजणीवाले साहेब येणार आणि चुलीगणिक एक जागा देणार, असं तलाठ्यानं चावडीवर सांगितलं. घरागणिक नाही, माणसागणिक नाही, चुलीगणिक.

हे ऐकलं आणि गावाला चुलींचं वेड लागलं. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या एका चुलीवर स्वयंपाक व्हायचा तिथं भावाभावांनी एका दिवसात वाटण्या केल्या. गावात पांढऱ्या मातीला आणि भुशाला मागणी आली. जिथं जागा मिळेल तिथं, गोठ्यात, जिन्याखाली, एकानं तर न्हाणीत, बायका चुली घालत बसल्या. एका म्हाताऱ्यानं स्वतःची आणि बायकोची वेगळी चूल दाखवायचं ठरवलं, तर म्हातारी म्हणाली, “दाखवायची कामून, खरंच येगळी घालते,” आणि तिनं त्याला दोन दिवस भाकरी दिली नाही. आमच्याकडंही दादा आणि नाना ओसरीत हसत हसत वेगळे झाले. मधे कुडाची आडभिंत घातली, काकूनं पलीकडं चूल घातली, ती सुकावी म्हणून तिच्यात काड्या जाळल्या. संध्याकाळी सगळे नेहमीसारखे आत्याच्या चुलीपाशी जेवायला बसलो आणि नाना म्हणाला, “दादा, आता तुमच्या घरी पाहुणा म्हनून आलोय, तूप वाढा.” सगळे हसले. आत्या हसली नाही.

जेवणं झाल्यावर तिनं भाकरीचा टोपला झाकला आणि विचारलं, “अन्‌ माझी?”

“तुजी काय?” दादा म्हणाले.

“जागा. माझी कुठं ऱ्हाईल?”

“तू आमच्यातच की, अक्का. तुला कोन बाहीर काढून राहिलं?”

“काढत न्हाई, ते ठावं हाय. पर तिथं तुमची दोन घरं होनार. आज लटकी येगळी, तिथं खरी येगळी. मग मी कुठल्या घरात? सहा महिने हिकडं, सहा महिने तिकडं? म्हसरासारखं?”

नाना म्हणाला, “अक्का, लोक काय म्हनतील? भावांनी टाकून दिली म्हनतील. आमची इज्जत हाय का न्हाई?” दादा तर उठूनच गेले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मला आज कळतं. इतकी वर्षं सांभाळली, एक शब्द बोललो नाही, आणि ही वेगळं मागते. पण त्यांनी लटकं वेगळं होण्यात काही वावगं नव्हतं, ती हुशारी होती, आणि हिनं मागितलं की घराण्याची अब्रू जाते, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. तरी खरं सांगते, मी दादांच्याच बाजूची होते. आत्याची जागा वेगळी झाली तर मी कुणाजवळ झोपू, एवढाच माझा विचार होता. त्या रात्री मी तिला म्हणाले, “आत्या, तू नको ना जाऊ.” ती म्हणाली, “कुठं चालले मी? गल्ली वलांडून जायाचं हाय.” आणि माझ्या पाठीवर थोपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्याच्या कोपऱ्यातली जागा झाडली, माती कालवली आणि चूल घातली. कुणाला विचारलं नाही. माय दारातून बघत होती. काही बोलली नाही, आणि मायनं काही न बोलणं ही आमच्या घरात नवी गोष्ट होती. त्या दिवसापासून आत्या दोन्हीकडं रांधायला लागली, घरच्या चुलीवर सगळ्यांचं आणि गोठ्यात आपली एकटीची एक भाकरी.

अलीकडं गावी गेले होते तेव्हाची एक गंमत सांगते. पावसाचं आता काही खरं राहिलेलं नाही. महिना महिना तोंड दाखवत नाही आणि मग एका रात्रीत महिन्याचा कोटा उरकून टाकतो. आमच्या नव्या गावठाणाच्या खालच्या टोकालाही मागच्या पावसाळ्यात पाणी टेकलं. त्यावर सभा होती, शाळेत. पडद्यावर रंगीत नकाशे, हवामान बदलतंय, घरं उंच करायची, कुणाला आधी मदत द्यायची. बाहेरून बोलायला आलेली मुलगी गुणी होती, गोड बोलत होती. पण बोलताना सारखी “कुटुंबप्रमुख” म्हणत होती, आणि ते म्हणताना पुढच्या सतरंजीवरच्या पुरुषांकडं बघत होती. मी मागून विचारलं, “बाळा, ज्या बाईच्या घरात पुरुषच नाही, तिला तुम्ही कुणाच्या घरात मोजता?” ती म्हणाली, “चांगला मुद्दा आहे, आजी.” चांगला मुद्दा म्हणजे पुढं काही होत नाही, एवढं मला खानावळीच्या धंद्यात कळलेलं आहे. माझ्या शेजारी बसलेल्या दोघी-तिघी मात्र सरसावून बसल्या. त्यातल्या एकीनं सभा संपल्यावर त्या मुलीचा हात धरून तिला आपल्या घरी नेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तर मोजणीवाले साहेब आले ते काहिलीतून. गिरक्या खाऊन खाऊन त्यांना गरगरायला लागलं होतं, काठावर उतरले ते बाभळीला धरून उभेच राहिले. मायनं लिंबू पाठवलं. मग ते शिपायाला घेऊन घरोघर हिंडले. साहेब काही खुळे नव्हते. ओली चूल, जिच्या मागच्या भिंतीवर काजळीचा ठिपका नाही, ती कालची आहे हे त्यांना दिसत होतंच. न्हाणीतल्या चुलीला तर त्यांनी बोट लावून ओली माती बघितली. पण पुरुष पुढं होऊन म्हणायचा, “साहेब, आम्ही येगळे हाव,” आणि साहेब मान हलवायचे. आमच्याकडं दादा एक, नाना दोन, असं झालं. साहेब निघाले आणि गोठ्यातून धूर आला.

“तिकडं कोण?” साहेबांनी विचारलं.

आत्या डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आली. हाताला पीठ होतं. “मी, साहेब. माझी चूल हाय तिथं. येगळी.”

साहेब आत वाकून बघून आले. तव्यावर भाकरी फुगली होती. म्हणाले, “बाई, तुम्ही यांच्या कोण?”

“थोरली बहीन.”

“मग बाईमाणसाची कुठं वेगळी चूल असते? भाऊ आहेत की तुमचे. उगीच नसतं काही सांगू नका.” सकाळपासून गावभरचं लटकं ऐकून घेतलेला तो माणूस हिच्यापाशी येऊन खऱ्या-खोट्याचा विचार करायला लागला. मग दादांकडं वळून म्हणाला, “तुम्ही सांगा. वेगळी आहे का?”

दादांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. गल्लीतली निम्मी माणसं दारात जमली होती. ‘हो’ म्हटलं तर दहा गावांत बोभाटा होणार, की भावानं बहिणीला गोठ्यात काढलं. ‘नाही’ म्हटलं की आत्याची जागा गेली. पुन्हा कुणी साहेब काहिलीत बसून तिच्यासाठी येणार नव्हता. दादांनी टोपी काढली, तिच्यात बघितलं, पुन्हा घातली. आत्या त्यांच्याकडं बघत नव्हती. ती हाताचं पीठ पुसत होती, पुसून झालं तरी पुसत होती. शिपाई म्हणाला, “चला साहेब, पानी चढून राहिलं.”

तेवढ्यात माय दाराआडून पुढं आली. पाहुण्या पुरुषापुढं ती कधी बोललेली मी पाहिली नव्हती. म्हणाली, “येगळी हाय.”

“तुम्ही कोण?”

“भावजय. चूल येगळी हाय का एक, ते चुलीपाशी बसनाऱ्याला इचारावं, साहेब. ओसरीत बसनाऱ्याला काय ठावं? मी या घरात आल्यापासून आमचं दोघींचं एक दिवस जमलं न्हाई. इचारा गल्लीला. तिचं मीठ येगळं, माझं येगळं.”

गल्लीतून कुणीतरी म्हणालं, “ते बाकी खरंय.” हशा झाला. साहेबही हसले, आणि पुन्हा दादांकडं बघितलं. दादांनी चपला पायात घातल्या आणि पाण्याच्या बाजूला चालते झाले. ‘नाही’ म्हणाले नाहीत, एवढं त्यांनी केलं. साहेबांनी आत्याला नाव विचारलं आणि तिनं ते सांगितलं. माहेरचं, सासरचं, कुणाचं न लावता नुसतं “गोदावरी” म्हणाली. साहेब थांबले, मग तेवढंच लिहिलं. माझ्या आत्याचं नाव गोदावरी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी माय तिला म्हणाली, “आता साहेबापुढं बोलून बसले. मला लटकं पाडू नका. उद्यापासून खरंच तिथं रांधा.” म्हणजे आत्या त्या चुलीपासून सुटली, आणि मायला इतक्या वर्षांनी आपली चूल मिळाली. पण पहिल्याच दिवशी मायची आमटी पातळ झाली आणि कुणी काही म्हणालं नाही. मी भाकरी घेऊन गोठ्यात जायची, आमटीत बुडवून खायची आणि तोंड पुसून परत यायची. दादांना वास यायचा. ते मुकाट्यानं मायचं जेवायचे. आत्याशी ते बोलायचेच बंद झाले. काही सांगायचं असलं तर आम्हा पोरांना म्हणायचे, “तुमच्या आत्याला सांगा, वासरू सुटलंय.” वासरू तिच्या डोळ्यांपुढून चाललेलं असायचं.

गाव उठलं ते पुढच्या उन्हाळ्यात. आपलीच घरं आपल्या हातानं उकलायची, दारं, चौकटी, तुळया गाडीत घालायच्या आणि माळावर न्यायच्या. बायका जुन्या उंबऱ्यांना हळदीकुंकू लावून रडल्या. आत्याला जागा मिळाली होती गल्लीच्या पलीकडं, आमच्या जागेच्या तिरपी समोर. तिच्याजवळ उभं करायला काही नव्हतं. एका सकाळी ती गेली तर तिच्या जागेवर गोठ्याचं दार आणि दोन चांगल्या तुळया आणून टाकलेल्या होत्या. दादांनी कुणाला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. तिनं खोली एकच बांधली, पण जोतं मात्र पुरुषभर उंच घेतलं. डोक्यावर दगड वाहून वाहून भरलं. लोक हसायचे, माळावर कुठलं आलंय पाणी? मागच्या पावसाळ्यात त्याच जोत्यावर खालच्या गल्लीतली बायकापोरं दिवसभर बसून होती. आत्या नाही आता, जोतं आहे.

नव्या गावठाणातली पहिली दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी दादांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले. मायनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजनात तेल घातलं. दरवर्षी असंच असायचं. आत्या दादांना ओवाळायची ती दादांच्याच घरात, त्यांच्याच पाटावर, त्याच घरच्या तेलानं. दादा वाट बघत बसले. आत्या येईना. मायनं मला पाठवलं.

आत्या चुलीपुढं होती. पुरण वाटून झालं होतं, आमटीला उकळी फुटत होती, कुरडया तळून ठेवल्या होत्या. म्हणाली, “सांग जा तुझ्या दादाला, भाऊबीजेला भाऊ बहिनीच्या घरी जातोय. बहीन न्हाई येत.”

मी येऊन भीत भीत सांगितलं. नाना दादांच्या तोंडाकडं बघत होता. माय आत गेली आणि नारळ आणि चोळीचा खण घेऊन आली. तिनं तो आधीच आणून ठेवला होता की काय, देव जाणे. तिनं ते दादांच्या हातात दिलं. दादा उठले. गल्ली ओलांडली, त्या उंच जोत्याच्या पायऱ्या चढले आणि दाराशी थांबले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हाक निघाली.

“अक्का, येऊ का?”

ती उंबऱ्यापर्यंत आली. “ये बाबा. पाय धू,” म्हणाली. तांब्या तिनंच पुढं केला. ओवाळताना तिचे डोळे नेहमीपेक्षा लाल होते, पण ते धुरानं नव्हते, चूल विझलेली होती. दादा जेवायला बसले. पहिली पोळी त्यांनी वर न बघता संपवली, दुसरी अर्धी खाल्ली आणि भिडेनं ताटावर हात आडवा धरला. आत्यानं तो हात बाजूला केला आणि आणखी एक पोळी वाढली.

“पोटभर खा रे,” ती म्हणाली. “माझ्या घरचं हाय.”